सांबरशिंगाची मुदत

ये, अशी जवळ सरकून बस. लांबून वाचलंस तर निम्मं कळायचं नाही. आणि आधी माझी बोलणी खाऊन घे, मग पुढचं. संक्रांतीला आली नाहीस, ठीक. पाडव्याला फोन नाही, तेही ठीक. पण तुझी पोरगी चालायला लागली हे मला तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकडून कळावं? जिला मी चार महिने रोज पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, तिचं पहिलं पाऊल मला वॉचमन सांगतो. हे काही बरं केलं नाहीस.

आता माझंही काही बरं नाही. ते सांगायलाच वही घेऊन बसले आहे. फोनवर सांगायला गेले तर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणशील, आणि मलाही वाटेल झालं आपलं सांगून. तसं नको. तर ऐक. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी अडीच महिने मी तुझ्यावर संशय घेतला. नुसता मनात घेतला असता तर ही वही काढली नसती.

मी काही शिकलेली बाई नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं मला सोसायट्यांच्या गेटवरच्या वह्यांनी शिकवलं. नाव, कुणाकडे, कशासाठी, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आधी वॉचमनच लिहायचे आणि 'कशासाठी'च्या खान्यात 'कामवाली' लिहून मोकळे व्हायचे. मला ते रुचायचं नाही. मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी, माझ्या सासूबाईंनी हाताला धरून शिकवलेली. म्हणून एक दिवस मीच पेन घेतलं आणि त्या खान्यात 'बाळ' असं लिहिलं. तेव्हापासून लिहितेच आहे. कोथरूडमधल्या कितीतरी सोसायट्यांच्या वह्यांत माझं 'बाळ' असेल.

सासूबाईंकडून विद्या आली तशी एक पिशवीही आली. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, आणि त्यात एक सांबराचं शिंग. सासूबाईंचं माहेर वेल्ह्याच्या बाजूला. त्यांच्या वडिलांना गुरं चारताना ते रानात पडलेलं सापडलं. सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात, असं त्या सांगायच्या. माझ्याकडे आलं तेव्हा ते वीतभर होतं, वरून खडबडीत, आतून पांढरट. पोराची छाती भरली, खोकला लागला, की ते सहाणेवर पाण्यात उगाळायचं, पळीत कोमट करायचं आणि छातीला, पाठीला लावायचं. पोटात मात्र कधी दिलं नाही. पोटात देणाऱ्या बायका वेगळ्या. एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "मावशी, ह्यानं काही होत नाही." मी म्हटलं, "नसेल होत. पण आईचा जीव थाऱ्यावर येतो."

सासूबाईंची आणखी एक रीत होती. चाळीस दिवस पुरे झाले की बाळंतीण आपली ओटी भरते, साडी-चोळी करते. त्या घरून आपण भरल्या हातानं निघायचं, तर तिचाही हात रिकामा ठेवायचा नाही. म्हणून शिंगाचा एक तुकडा, सुपारीएवढा, तिच्या गुटीच्या डबीत टाकायचा. पुढच्या बाळाला होतो, म्हणून. तुकडे आमचे हे करून द्यायचे. बसडेपोत फिटर होते, घरात लोखंड कापायची करवत अजून आहे. सगळ्यांनाच देत नव्हते मी. ज्या घरात जीव लागला तिथंच. असे सहा तुकडे सहा घरांत गेले आणि सहावं घर तुझं. माझ्याकडे उरलं बोटभर.

तर पोरगी चार महिन्यांची असताना तिला खोकला झाला. मी मोरीसमोर सहाण घेऊन बसले होते. तू चहा घेऊन आलीस.

"मावशी, हे काय उगाळताय?"

"सांबरशिंग. तुझ्याही डबीत आहे की."

"ते हेच? मला वाटलं कसलं तरी मूळ आहे. रिअल सांबराचं?"

"मग काय प्लॅस्टिकचं?"

तू हसलीस, मोबाईल काढलास आणि फोटो घेतलास. सहाण, माझा हात आणि शिंग. म्हणालीस, "आयांच्या ग्रुपवर टाकते. सगळ्या विचारत असतात, मालीशवाल्या मावशी कुठून मिळाल्या." मला काय, बरंच वाटलं. हात चांगला दिसत होता.

आठवड्याच्या आत फोन आला. माणसाचा आवाज, गोड, अगदी आदरानं बोलणारा.

"मावशी, आपल्याकडे सांबरशिंग असल्याचं समजलं."

"कोण बोलतंय?"

"एक गरजू समजा."

"बाळाला खोकला आहे का?"

"बाळ नाहीये, मावशी. अख्खी जोडी मिळेल का? डोक्यासकट असेल तर उत्तम."

"कुणाच्या डोक्यासकट?"

तो हसला. म्हणाला, "आपण म्हणाल ती किंमत." मी फोन ठेवला. त्यानं पुन्हा केला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा ह्यांनी उचलला आणि म्हणाले, "सांबर बाहेर गेलंय, आलं की निरोप देतो."

हे हसले, मी हसले नाही. कारण दोनच दिवसांनी तुमच्या वॉचमननं मला पेपरातली बातमी वाचून दाखवली. शिंगं विकणाऱ्या कुणाला तरी वनखात्यानं पकडलं होतं. कसं पकडलं? बनावट गिऱ्हाईक पाठवून. आधी फोन, गोड बोलणं, किंमत विचारणं, मग बोलावून धरायचं. मी गेटवरच्या खुर्चीत बसले ती उठेचना. वॉचमन म्हणाला, "मावशी, पाणी आणू?" मला वाटलं, ह्यानं ही बातमी मलाच का वाचून दाखवली?

तिथून सुरू झालं बघ. मंडईत भाजीवाला नेहमीसारखं म्हणाला, "आज एकट्याच, मावशी?" मी भाजी न घेता पुढं गेले. गॅसची नळी तपासायला माणूस आला, त्याला दारातच त्याचं ओळखपत्र दोनदा वाचायला लावलं. कोथरूडच्या बसमध्ये हिरवट शर्टाचा एक माणूस तीन दिवस माझ्याच स्टॉपला उतरला. चौथ्या दिवशी मी दोन स्टॉप आधी उतरले आणि चालत आले. तिथं जवळच त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे हे नंतर कळलं.

शिंग आधी तांदळाच्या डब्यात ठेवलं. मग वाटलं, पहिल्यांदा तिथंच हात घालतील. मग देवघराच्या मागं. मग ह्यांच्या जुन्या बुटात. हे म्हणाले, "शोधायला वनखातं येऊ दे, आधी मला बूट मिळू दे."

पण शिंगाची जागा बदलली तरी एक प्रश्न जागचा हलेना. माझा नंबर त्या माणसाला कुणी दिला? फोटो एकीनंच काढला होता.

आता मला सांगायची लाज वाटते, पण कशा-कशाचे अर्थ लावले ते ऐक. फोटोनंतर तू माझ्याशी बोलताना पोरीकडेच बघायचीस. तुझा नवरा घरून काम करतो, एरवी कानाला हेडफोन लावून खोलीत असतो. तो आता मी आले की बाहेर यायचा, माझ्या पिशवीकडे बघायचा. एकदा विचारलंन, "मावशी, ही पिशवी रोज बरोबर आणता?" मी म्हटलं, "का हो?" तर "काही नाही, सहज." मग तू म्हणालीस, खोकल्याला आता डॉक्टरांचे थेंबच देऊ, लेप नको. आणि महिना संपता संपता म्हणालीस, मालीश आता थांबवू. झालं. मी जोडून टाकलं. फोटो काढला, खबर दिली, आता मला घरातून काढली.

मला तुरुंगाची भीती होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मोठी भीती वेगळी. आमच्या धंद्यात बाई दारात उभी राहिली की आई आपलं दहा दिवसांचं पोर काढून तिच्या हातात देते. कशाच्या भरवशावर? नावाच्या. त्या नावावर एकदा केस झाली की कुठलं दार उघडणार? मग 'कशासाठी'च्या खान्यात मी लिहू काय?

हे एका सकाळी म्हणाले, "एवढी कशाला घाबरतेस? ते शिंग आपल्या लग्नाच्याही आधीचं. प्रत्येक गुन्ह्याला मुदत असते. आमच्या डेपोत चार्जशीट वेळेत दिलं नाही की साहेबच गप्प बसायचे."

हे मला पटलं. मुदत. पण ह्यांच्या शब्दावर कोण राहणार? शिवाजीनगर कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात. त्यांच्या दोन्ही मुलांना मी न्हाऊ घातलेलं. त्यांच्याकडे गेले. पंखा, फायली, आणि समोर मी.

"बोला मावशी. कुणाची केस?"

"एका ओळखीच्या बाईची." आणि सगळं सांगितलं, शिंग, फोटो, फोन. "तर तिचं म्हणणं, आता मुदत संपली असेल ना?"

त्यांनी चष्मा काढला. "असं आहे. ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे त्याची कोर्टानं दखल सहा महिन्यांत घ्यायला हवी. वर्षापर्यंतची कैद असेल तर एक वर्ष. तीन वर्षांपर्यंतची असेल तर तीन वर्षं. शिक्षा त्याच्या वर गेली की मुदतच नाही, कधीही उभं करता येतं. आणि सांबराच्या बाबतीत शिक्षा मोठी आहे. तेव्हा मुदतीच्या भरवशावर तुमच्या त्या बाईंनी बसू नये."

"पण तिनं मारलं नाही हो. तिच्या सासूच्या वडिलांनी नुसतं उचललं, पडलेलं."

"रानात पडलेलंही सरकारचं. उचलायचं नसतं."

"ते वारले. सासूही गेल्या."

"मग ते सुटले."

"आणि ती?"

"ती आज सकाळी उठली तेव्हा शिंग घरात होतं ना? मग गुन्हा आज सकाळचा. बाळगणं हा चालू गुन्हा. चालू गुन्ह्यात मुदत क्षणाक्षणाला नव्यानं सुरू होते, तसं कायद्यातच लिहिलंय. जवळ ठेवलंय तोवर ती संपायचीच नाही."

म्हणजे मी ज्याच्या जुनेपणावर विसंबले होते, ते माझ्यापाशी रोज ताजं होत होतं.

"तिनं आणखी कुणाला दिलं का त्यातलं?" त्यांनी विचारलं, पेन हातात घेऊन.

"सहा घरी दिलं. तुकडे करून."

"अरे देवा. कुणाकुणाला?"

आता काय करणार? म्हटलं, "तुम्हाला. धाकट्याच्या वेळी. चांदीच्या डबीत ठेवलंय तुम्ही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठून दार लावलं आणि म्हणाल्या, "मावशी, आत्तापर्यंत मी वकील म्हणून बोलत होते."

त्या वेळी मला त्यांचाही संशय आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, ही आता स्वतःला वाचवणार आणि मला पुढं करणार. पण त्यांनी सरळ सांगितलं, सगळे तुकडे गोळा करा, वनखात्याच्या ऑफिसात स्वतः नेऊन द्या, काय घडलं ते लिहून द्या. माफ करतील असं मी म्हणत नाही. पण धरून नेलेली बाई आणि स्वतः चालत गेलेली बाई ह्यांत फरक असतो.

आणि इथं, वकीलबाईंकडून परत येताना, मी ते केलं. तुमच्या सोसायटीत माझं आणखी एक घर होतं तेव्हा; तिथं जाताना तुमच्या पार्किंगमध्ये ती दुसरी मालीशवाली भेटली, कार्ड छापून वाटते ती. म्हणाली, "मावशी, तिसऱ्या मजल्यावरचं काम सुटलं म्हणे तुमचं?" तिचा तो 'म्हणे' मला झोंबला. मी म्हटलं, "मीच सोडलं. ती बाई फोटो काढून वनखात्याला बातम्या पुरवते. तू पण जपून राहा, पिशवीत काय-काय असतं आपल्या." एवढंच बोलले. पण तिला एवढं सांगणं म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावणं. लिफ्टमध्ये बायका तुझ्याशी बोलेनाशा झाल्या, ग्रुपवर तू काही लिहिलंस की सगळ्या गप्प, हे मला वॉचमननं सांगितलं. आणि मला, बघ, त्या वेळी वाईट वाटलं नाही.

मग तुकडे गोळा करायला निघाले. खरं कारण कुणाला सांगावं? म्हटलं, "जरा परत लागत होता तो तुकडा." एका घरच्या आजीबाईंनी मला उंबऱ्यातच थांबवलं. "दिलेलं शुभ परत न्यायला आलात? कुणी जास्त देणारं भेटलं वाटतं." दुसरीच्या नवऱ्यानं आधी डबी उघडून बघितली, मग माझ्याकडे, मग पुन्हा डबीत, जणू मी काही बदलून नेणार होते. हडपसरला राहायला गेलेलीनं सांगितलं, शिफ्टिंगमध्ये कुठं गेला माहीत नाही. वर म्हणाली, "मावशी, त्याच्यावर काही मंत्र वगैरे नव्हता ना? आमचं इथं आल्यापासून काही धड नाही." मी सगळ्यांवर संशय घेत होते, आता सगळ्या माझ्यावर घेऊ लागल्या. घे, म्हटलं, भोग.

तुझं घर शेवटी ठेवलं. तू माहेरी गेली होतीस. दार तुझ्या नवऱ्यानं उघडलं आणि म्हणाला, "या मावशी, मी तुमच्याकडे येणारच होतो." वाटलं, आत बसलेत वनखात्याचे दोघं-तिघं. आत कुणी नव्हतं. त्यानं स्वयंपाकघरातून गुटीची डबी आणली आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"मावशी, हे घरात ठेवता येत नाही. इलिगल आहे. हिनं फोटो टाकला तेव्हाच मी वाचलं आणि तासाभरात डिलीट करायला लावला. तुम्हाला कसं सांगावं कळेना. ही म्हणाली, त्या घाबरतील. म्हणून आम्ही लेप बंद केला, मग कामच थांबवलं. तुमच्या पिशवीत ते रोज गेटवरून आत-बाहेर होत होतं, कुणी बघितलं असतं तर?"

"मग माझा नंबर?"

"फोटोखाली हिनंच टाकला होता, तुम्हाला कामं मिळावीत म्हणून. त्या तासाभरात कुणी उतरवून घेतला, देव जाणे."

म्हणजे तू मला वाचवत होतीस, आणि ती तुझी पद्धत मला कळली नाही. तू गप्प राहिलीस आणि मी त्या गप्प राहण्याचा पाहिजे तसा अर्थ लावला. जाताना त्यानं दारात हळूच विचारलं, "मावशी, खाली हिच्याबद्दल काही बोललात का तुम्ही? ही फार रडते."

मी म्हटलं, "नाही रे बाबा. मी कशाला बोलू?"

हे मी खोटं बोलले. त्याच्या तोंडावर, हातात तुझा तुकडा असताना.

पुढच्या सोमवारी वनखात्याच्या ऑफिसात गेलो. मी, हे, आणि वकीलबाई. टेबलावर रुमाल पसरून मी सगळं मांडलं, बोटभर शिंग आणि चार तुकडे. वकीलबाईंनी पर्समधून चांदीची डबी काढली आणि पाचवा शेजारी ठेवला. तिथला अधिकारी तरुण होता. वकीलबाईंकडे बघत राहिला, मग वजनकाटा मागवला. कापलं कुणी, विचारलं. हे म्हणाले, "मी. पण त्या सांबराशी माझी ओळख नाही." तो हसला नाही, पण त्यानं चहा सांगितला. मी सगळं माझ्या हातानं लिहून दिलं, दोन पानं, सासूबाईंच्या वडिलांपासून. ज्यांना दिले त्यांची नावं विचारली तेव्हा म्हटलं, "त्यांना मीच दिलं, काय आहे ते न सांगता. सापडले तेवढे परत आणलेत, एक हरवला. दोष माझा लिहा." त्यानं काय लिहिलं ते मला दिसलं नाही. म्हणाला, चौकशी होईल, बोलावलं की या. मी विचारलं, किती दिवसांत? म्हणाला, "आजी, ते आम्ही कळवू."

अजून बोलावलेलं नाही. अनोळखी नंबर आला की अजून हेच उचलतात. तो गोड आवाजाचा माणूस बनावट होता की खरा, आजतागायत कळलेलं नाही. कामं कमी झाली, पण दोन घरं आहेत.

मग मी त्या कार्डवालीकडे गेले. पार्किंगमध्ये, चार बायका होत्या तिथंच सांगितलं, की मी बोलले ते खोटं होतं, तू उलट मला सांभाळलंस. कार्डवाली म्हणाली, "आता सांगून काय उपयोग, मावशी." बाकीच्यांनी ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही, कोण जाणे. एक तर म्हणाली, "तिनं सांगायला लावलं का?" बघ, मी पेरलं तेच उगवतंय. पण मी पुन्हा जाईन आणि पुन्हा सांगेन. तू लिफ्टमध्ये बरोबर असलीस तर तिथंही सांगेन.

तुझ्या नवऱ्याला अजून खरं सांगितलेलं नाही. ते मला तुमच्या दोघांसमोर सांगायचंय. तुमच्या दारात यायची माझी छाती होत नाही, आणि तुम्हाला खाली गेटवर बोलावलं तर सगळे बघत बसतील. म्हणून म्हणते, तुम्हीच या. चिडून आलात तरी चालेल, भांडायला आलात तरी चालेल. ऊन फार आहे, पोरीला बसनं आणू नका, रिक्षा करा, पाच वाजल्यानंतर निघा. हे खाली कोपऱ्यावर उभे राहतील. गुरुवारी मला काम नसतं. ह्या गुरुवारी नाही जमलं तर पुढच्या, पण त्याच्या पुढं ढकलू नकोस. ये गं लवकर.